जुन्या बुलेटला डिस्क आणि अ‍ॅलॉय: उद्यमबागेतल्या एका गॅरेजचा अनुभव

पैसे मोजकेच असतील तर आधी ब्रेक करून घ्या, चाकांचं नंतर बघा. जुन्या बुलेटला डिस्क ब्रेक आणि अ‍ॅलॉयची (मिश्रधातूची ओतीव) चाकं, दोन्ही बसवून, एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उसाचा हंगाम गाडी पळवून झाल्यावर माझं हे मत झालंय. ब्रेकला मी दहापैकी नऊ देतो, चाकांना सहा, आणि ज्या गॅरेजनं हे काम केलं त्याला साडेआठ. दीड मार्क कुठं कापला ते पुढं येईलच.

गाडी १९९१ ची, ३५० स्टँडर्ड, केए-२२. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मिलिटरी ऑक्शनची नव्हे, वडिलांनी शोरूममधून घेतलेली. बेळगावात जुनी बुलेट म्हटली की पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी वडगावात माग चालवतो. बहीण चंदगडकडं दिलीय, त्यामुळं हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा हा रस्ता तोंडपाठ. हंगामात संध्याकाळी या रस्त्यानं गेलेल्या माणसाला चांगला ब्रेक कशाला हवा हे समजावायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरचा टेप असा मोठा की तुमचा हॉर्न त्याच्या कानात जाणं शक्यच नाही. समोरून गाडीचा लाइट डोळ्यावर असला की ट्रॉली अगदी अंगावर आल्यावरच दिसते. बुलेटचा सहा व्होल्टचा जमाना संपला, लाइट सुधारले, पण पुढचा ड्रम होता तिथंच होता.

ड्रम ब्रेक मुळात वाईट असतो असं मी म्हणणार नाही. लाइनर नवे, ड्रम गोल, केबल मोकळी, तर गाडी थांबते की. पण तीस वर्षं चाललेला ड्रम गोल राहत नाही. लेथवर घासून गोल केला की त्याचा व्यास वाढतो, मग नवे लाइनर त्याला पुरते टेकत नाहीत, मधेच घासतात. आत पाणी गेलं की पहिल्यांदा दाबलेला ब्रेक वायाच जातो. आणि चोर्ला घाट उतरताना ड्रम तापला की लिव्हर हँडलला येऊन टेकते, गाडी आपली चालूच.

मधला एक रस्ता आहे. नंतरच्या बुलेटला पुढं सात इंची ट्विन लीडिंग ड्रम येत होता. त्यात चाक फिरतं त्याच दिशेला दोन्ही शू (लाइनर लावलेले आतले तुकडे) ओढले जातात आणि आपोआप घट्ट बसतात, म्हणून कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. खर्च डिस्कच्या निम्म्याहून कमी. गाडीचं जुनं रूप ज्यांना मोडायचं नाही त्यांनी खुशाल हा करावा. फक्त चढावर गाडी मागं घरंगळायला लागली की हाच ब्रेक ढिला पडतो, कारण उलटं फिरताना दोन्ही शूंना ती ओढ मिळत नाही. मी विचार करून सोडून दिला. पाण्याचा प्रश्न तिथंही तोच, आणि आमच्याकडं पाऊस कसा पडतो ते कणकुंबीकडच्या माणसाला विचारा.

डिस्क बसवायची तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनं दोन्हीकडून चिमटणारा भाग, धरायला पुढच्या शॉकअपच्या खालच्या पाइपाला कान लागतात. जुन्या पाइपाला ते नसतात. शहरातल्या एका गॅरेजात मी आधी चौकशी केली, तर तिथला माणूस म्हणाला की आहे त्याच पाइपाला पट्टी वेल्डिंग करून देतो, दोन तासांत गाडी घेऊन जा. त्याला मी नमस्कार केला आणि निघालो. पूर्ण ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं सगळं ओझं त्या दोन कानांवर येतं. ते ओतीव पाइपाबरोबर एकजीव आलेले असावे लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पाइपाला चिकटवलेली पट्टी कधी सुटेल हे देवालाच ठाऊक. वेल्डिंगची भाषा करणाऱ्या गॅरेजातून तुम्हीही सरळ बाहेर पडा.

मग उद्यमबाग. खानापूर रोडवरून आत वळलं की फाउंड्र्या आणि मशीन शॉपच्या रांगा लागतात, त्यातच एका पत्र्याच्या शेडात हे गॅरेज आहे. बोर्ड नाही. बाहेर कायम दोनतीन उघड्या बुलेट आणि एखादी येझदी उभी असते, तीच खूण. मेस्त्री साठीच्या आसपासचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. पोरांशी कन्नडमध्ये बोलतात, आपल्याशी मराठीत, आणि रागावले की दोन्हीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शिवजयंतीचे दिवस होते. दोन्ही पोरं चित्ररथाच्या कामाला गेलेली, मामा एकटेच. म्हणाले, "मिरवणूक होऊ दे, मग या. घाईचं काम करायचं असलं तर आमच्याकडं यायचंच न्हाई की ओ." मला तिथंच बरं वाटलं.

सामानाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ब्रेकचं सगळं कंपनीचं घ्यायचं: नंतरच्या डिस्कवाल्या बुलेटचे शॉकअपचे खालचे पाइप, २८० मिलीमीटरची डिस्क, दोन पिस्टनचा कॅलिपर, मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ऑइल ढकलणारा), नळी. मास्टर सिलिंडर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा स्वस्तात मिळतो म्हणून आणायचा नाही, कारण त्याच्या पिस्टनचा व्यास आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास यांचं गणित जुळावं लागतं. मास्टर मोठा झाला की लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि ब्रेक मात्र कमी मिळतो. फार लहान झाला तर लिव्हर हँडलपर्यंत येते. अ‍ॅलॉयचं मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं. ते मी ऑनलाइन मागवले, त्याची कथा नंतर.

आता खरं काम सांगतो, कारण या गॅरेजचे पैसे इथंच वसूल झाले.

डिस्क, चाक, कॅलिपर जागेवर बसलं, चाक छान फिरलं. दुसऱ्या कुणीही चावी हातात दिली असती. मामांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणला. सूत कसं ताणतात हे मला कुणी शिकवायला नको, तरी मी बघत राहिलो. मागचा टायर ११० मिलीमीटर रुंद, पुढचा ९०, म्हणजे हँडल सरळ धरल्यावर पुढच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोऱ्यापासून दहा-दहा मिलीमीटर फट दिसायला हवी. एका बाजूला चौदा आली, दुसऱ्या बाजूला सहा. चाक चार मिलीमीटर एका अंगाला बसलेलं.

"चालत्याय की अशी," मामा म्हणाले, "पण हँडल सोडून बघा, कुठं जाते ती."

उपाय सोपा वाटतो. अ‍ॅक्सलवरचा एका बाजूचा स्पेसर चार मिलीमीटरनं कमी करायचा, दुसऱ्या बाजूचा तेवढाच वाढवायचा. शेजारच्या लेथवर ईएन-८ पोलादाच्या बारमधून दोन्ही नवीन काढून आणले. पण चाक सरकलं की त्याच्याबरोबर डिस्कही चार मिलीमीटर सरकते, आणि कॅलिपर तर पाइपाला पक्का. म्हणजे डिस्क आता कॅलिपरच्या मधोमध राहिली नाही, एका पॅडला चिकटली. मग डिस्क आणि हबच्या मधे तेवढ्याच जाडीची मशीन केलेली रिंग, बोल्ट तेवढ्या लांबीचे बदललेले, आणि पुन्हा सगळं खोलून जोडणं. पुष्कळ ठिकाणी हीच दुसरी पायरी टाळतात. चाक मधोमध आणायचं म्हटलं की कॅलिपर बिघडतो, म्हणून चाक तिरकंच ठेवतात, आणि गिऱ्हाइकाला सांगतात की जुनी गाडी आहे, थोडी ओढणारच.

शेवटी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून डिस्क हातानं फिरवली. काटा जेमतेम हलला. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्कच्या लचक्याची, म्हणजे फिरताना डगमगण्याची, मर्यादा ०.३ मिलीमीटर दिलेली असते, आमचं त्याच्या निम्म्यातच होतं. अ‍ॅलॉयच्या रिमची आउट म्हणजे डगमगही त्याच गेजवर तपासली. ज्यांच्या बुलेटची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते त्यांनी त्या ड्राइव्हला जागा उरते का हे स्पेसर कापायच्या आधी बघायला सांगावं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं काम मी स्वतः लिव्हर धरून केलं. आधी मामांनी टाकीवर ओलं पोतं टाकलं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा एक थेंब रंगावर पडला तरी रंग फुगून निघतो, आणि या टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानं ओढलेल्या आहेत. कॅलिपरच्या निप्पलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं. मी लिव्हर दाबून धरायची, त्यांनी निप्पल पाव फेरा सैल करायचं, घट्ट करायचं, मग मी सोडायची. सुरुवातीला नळीतून नुसता फेस आला, नंतर मोहरीएवढे बुडबुडे, मग बराच वेळ काही नाही, आणि आता झालं म्हणेपर्यंत नळीच्या वरच्या वळणातून एक मोठा बुडबुडा सावकाश खाली सरकत आला. तो गेल्यावर लिव्हर हातात अशी घट्ट झाली की फरक सांगावा लागला नाही. मामांनी तरी लिव्हर दोरीनं बांधून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आणखी थोडी हवा निघाली.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर पोकळ जाते. म्हणून दोन वर्षांत ऑइल बदलायचंच, डबी उघडून ठेवलेली वापरायची नाही. आमच्याकडच्या दमट हवेत मी तर दर पावसाळ्यानंतर बदलणार आहे. ऑइल तसं स्वस्त आहे.

नवे पॅड पहिल्याच दिवशी जोरात दाबायचे नसतात. पन्नासच्या स्पीडवरून दहापर्यंत आणायचं, थांबायचं नाही, पुन्हा पळवायचं, असं बऱ्याच वेळा. गोकाकच्या बाजूला सरळ रस्ता बघून मी ते उरकलं.

आणि मग चोर्ला. जांबोटीपर्यंत रस्ता कोरडा होता, कणकुंबीच्या अलीकडं पाऊस लागला तो केरीपर्यंत सुटला नाही. जुन्या ब्रेकवर मी हा घाट दुसऱ्या गिअरात इंजिनच्या जिवावर उतरायचो, डावा पाय कायम दाबलेला. आता दोन बोटांत काम होतं. पावसात पहिल्या दाबाला डिस्कही किंचित उशीर करते, पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत, पण तो क्षण तेवढाच. खाली पोचल्यावर लिव्हर वर होती तिथंच होती. गाडी वळणावर कुठं थांबेल याचा अंदाज आता डोक्यात आधी येतो. मनावरचा ताण उतरला तो इथं.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. एक, ब्रेक इतका चांगला झाला की पुढचा शॉकअप खाली बसायला लागला. जुन्या स्प्रिंग त्या जोराला तयार नव्हत्या. नवीन स्प्रिंग टाकल्या, ऑइल थोडं जाड भरलं, आता ठीक आहे. हा खर्च आधीच धरून ठेवा. दुसरं, यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. आपल्या जुन्या बुलेटला ते येणार नाही. शिनोळीच्या पुढं ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली ओली माती असते, तिच्यावर पुढचा ब्रेक सगळा दाबला तर चाक अडकणार आणि गाडी आडवी होणार. ड्रमच्या काळात हात बेफिकीर दाबत होता, कारण चाक अडकवण्याइतकी ताकदच त्यात नव्हती. नवा ब्रेक बसला की हातालाही नवीन शिकवण द्यावी लागते.

चाकांकडं येतो. अ‍ॅलॉयला ट्यूबलेस टायर बसतात, तो फायदा खरा आहे. बैलाच्या नालेचे खिळे आमच्या रस्त्यांवर आजही सापडतात, आणि बुलेटचं मागचं चाक रस्त्यावर खोलून ट्यूब काढणं ज्यानं केलंय त्यालाच त्याचं दुःख माहीत. ट्यूबलेसमध्ये खिळा तसाच ठेवून घरापर्यंत येता येतं, बाहेरूनच पंक्चरची दोरी घातली की झालं. कंपनीनंही २०१८ साली थंडरबर्ड एक्सला अ‍ॅलॉय आणि ट्यूबलेस दिले, पुढं १९ इंची, मागं १८ इंची. मीही मागं १८ घेतलं. लोक म्हणतात चाक लहान झालं की गिअरचं गणित बिघडतं. तसं काही होत नाही. जुना ३.२५-१९ टायर आणि नवा ११०/९०-१८ यांची बाहेरची उंची जवळजवळ सारखीच भरते, फरक सेंटिमीटरभराचाही नाही. १२० चा टायर घ्यायचा मोह मात्र टाळा, मागचं चाक धरणारा जुना चिमटा अरुंद आहे.

मागचा ब्रेक ड्रमच ठेवला. जुन्या बुलेटला मागचा ड्रम आणि चेनचं चक्र एकाच ओतीवात येतं, आणि हबात रबराचे तुकडे असतात, झटका खाणारे. मागवताना अ‍ॅलॉयच्या खाचा त्या रबरांशी जुळतात का हे विचारून घ्या. माझे जुळले.

जुळलं नाही ते पुढच्या चाकाचं व्हॉल्वचं भोक. त्याच्या कडेला ओतकामातली बारीक धार तशीच राहिलेली होती, रबरी व्हॉल्व त्यावर नीट बसेना, सकाळी टायरात हवा निम्मी. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं की व्हॉल्व खराब असेल, बदलून बघा. दुसरा व्हॉल्व घातला, तेच. मग फोन उचलणंच बंद झालं. मामांनी बारीक कानस घेऊन धार काढली, बोटानं चाचपत. उद्यमबागेत ओतकाम बघत म्हातारा झालेला माणूस तो, त्यानं ते चाक हातात घेऊन म्हटलं, "फिनिशिंग केलंच न्हाई." त्यानंतर हवा टिकली. पण इतक्या पैशांच्या वस्तूला हे व्हायला नको होतं.

शिवाय खड्डा. जुनं आऱ्यांचं चाक खड्ड्यात वाकलं तर कुठल्याही सायकल दुकानवाल्याला आउट काढता येत होती. अ‍ॅलॉयला तडा गेला की तो भंगारातच जातो, आणि तडा नसून नुसतं वाकलं तरी ठोकून सरळ केलेल्यावर माझा भरवसा बसणार नाही. वजन कमी होईल म्हणून कुणी घेत असेल तर तेही ओतीव अ‍ॅलॉयमध्ये होईलच असं नाही. दिसायला? बायको म्हणते बुलेटला आरेच शोभत होते. मी गप्प बसतो.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल करता येत नाही ज्यानं आरसीमधली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच उचलून धरलंय. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवायला आरटीओत गाडी दाखवावी लागते. तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. माझी जुनी चाकं, ड्रम, पाइप, केबल सगळं ग्रीस लावून माळ्यावर ठेवलंय, आणि तुम्हीही काहीच भंगारात घालू नका.

खर्च माझ्या बिलाप्रमाणं: ब्रेकचं सामान साधारण बारा हजार, अ‍ॅलॉयची जोडी चौदा, दोन टायर सात, स्प्रिंग-ऑइल दीड, लेथ आणि मजुरी मिळून साडेतीन. मजुरी या कामाच्या मानानं फारच कमी आहे, मी स्वतःहून वर दिले तर मामांनी पोरांना वाटले.

आता तो दीड मार्क. अर्धा वेळेसाठी: आठवडा म्हणाले, महिना लागला. लेथवाला मोकळा नाही, पोरगं गावाला, वीज गेली, कारणं सगळी खरीच होती, पण दर चार दिवसांनी मलाच जाऊन उभं राहावं लागलं. आणि एक पूर्ण मार्क कागदासाठी. बिल वहीच्या पानावर, त्यावर ना तारीख ना सामानाची नावं. डिस्कमागच्या रिंगची जाडी किती आणि बोल्ट कुठल्या मापाचे घातले हे मी मागून लिहून घेतलं, नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी गेली तर त्याला काहीच कळणार नाही. तुम्हीही मोबाइलमध्ये प्रत्येक स्पेसरचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. मामा चिडत नाहीत.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जा. फोन करू नका, मशीनच्या आवाजात त्यांना तो ऐकू येत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर अजिबात नको, तेव्हा सगळ्या बेळगावला एकदम ब्रेक आठवतो.